धुडकूच्या रागाची बाटली

"हलाव! जोरसे हलाव! जेवढा राग आहे तेवढा हात हलाव!"

मंगळवारची दुपार. सुरतजवळच्या भेस्तानच्या लूमखात्यांना, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांना, मंगळवारी सुट्टी, म्हणून सगळे कारागीर मोकळे, आणि मोकळे म्हणजे शेडमागच्या मैदानात. मैदानात मांडव, मांडवात शीतलबापू. बापूंसमोर धुडकू नावाचा धिप्पाड लूम-कारागीर आणि त्याच्या हातात अर्धी भरलेली काचेची बाटली. आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. धुडकूनं दातओठ खाऊन बाटली खळाखळा हलवली आणि बघता बघता पाणी निळंशार झालं.

"अगं माय वं!" बायकांमधून आवाज उठला.

"जोयुं? देखा? पाहिलं?" बापूंनी तिन्ही भाषांत विचारलं. सुरतेत बापू व्हायचं तर तीन भाषा याव्याच लागतात. "ये इसका क्रोध है! काळजात विष साठलंय विष! महादेवानं विष गळ्यात ठेवलं, मी बाटलीत काढतो!"

मग त्यांनी बाटली चौरंगावर ठेवली, तिच्यावर हात धरला आणि डोळे मिटून 'ओम शीतल शीतल फट्' असं काहीबाही पुटपुटायला सुरुवात केली. मिनिटभरात निळा रंग फिका पडला, मग आणखी फिका, आणि पाणी पहिल्यासारखं स्वच्छ झालं. राग उतरला! टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. बापूंपुढे नारळांचा आणि साडीच्या कटपीसांचा ढीग लागला.

मी मागे उभी होते. मी वंदना, तिथल्याच मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. दर्शनाला आले नव्हते, माझा अर्धा वर्ग दर मंगळवारी कुठे गायब होतो ते शोधायला आले होते. बघते तर काय, सगळी वानरसेना पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली! आदल्याच वर्षी गणपती दूध प्यायला तेव्हा मी शाळेत सगळ्यांशी भांडून बसले होते. आता हे नवीन. माझं डोकं असं तापलं की ती बाटली माझ्या हातात कुणी दिली नाही हे बरंच झालं.

रंग बदलला म्हणजे काहीतरी रसायन आहे, एवढं कळत होतं. पण नेमकं कोणतं? कॉलेजात कधीतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण आठवेना. आणि आठवत नसताना बोलले असते तर बापूंनी मला तिथेच चौरंगावर बसवून माझाही राग उतरवला असता. म्हणून मी चूप बसले. मला चूप बसता येत नाही, हे माझ्या घरी कुणालाही विचारा.

धुडकूला मी ओळखत होते. त्याची मुलगी धनश्री माझ्याच वर्गात. माणूस कामाला वाघ, आठ आठ लूम एकटा सांभाळायचा. पण राग आला की समोर कोण आहे ते त्याला दिसायचं नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर. लाइट गेली म्हणून स्टूल दारावर. गेल्या होळीला त्यानं लूमचा धोटा फेकून मारला, तो धनश्रीच्या कानाजवळून गेला आणि आरसा फुटला. श्रावणात त्याच्या बायकोचा, सुभद्राबाईचा हात मनगटात मोडला. दवाखान्यात 'मोरीत घसरले' असं लिहून घेतलं. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी हा बाबा खमण घेऊन दारात उभा, डोळ्यांत पाणी, "पुन्हा नाही होणार." ते खमण खाऊन सुभद्राबाईचं मनगट थोडंच बरं होणार होतं?

म्हणजे माणसाला मदत हवी होती, हे खरं. धुडकूलाही ते कळत होतं, म्हणून तर तो बापूंकडे गेला. चुकला तो पत्ता.

बापू बाटली घरी नेऊ द्यायचे. घरात उंच जागी ठेवायची, रोज हळदकुंकू वगैरे लावायचं नाही, फक्त बघायचं. पाणी स्वच्छ म्हणजे घर शांत. निळं म्हणजे घरात राग आहे. आणि दर मंगळवारी बाटली बदलून घ्यायची, कारण आठवड्यात पाणी पिवळट पडायचं. "राग साचून पिवळा झाला," बापू सांगायचे.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, शाळा सुटल्यावर धनश्री टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझा दाखला पाहिजे."

"कसला दाखला?"

"शाळा सोडल्याचा. येत्या बुधवारच्या गाडीनं घरचे आईला आणि मला दोंडाईच्याला मामाकडे सोडून येणार आहेत. कायमचं."

"कायमचं? का?"

"बाटली निळी राहते म्हणून."

मी खुर्चीत मागे टेकले. धनश्रीनं सगळं सांगितलं ते असं. सगळ्यांच्या घरी बाटली ठेवली की पांढरी, म्हणजे स्वच्छ, होते. यांच्या घरी सहा दिवस निळी ती निळीच. फक्त मंगळवारी पांढरी. आणि मंगळवारी सुभद्राबाई घरात नसते. ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते आणि तयार साड्यांचं गाठोडं मंगळवारी मार्केटला पोचवायला जाते, ती संध्याकाळीच परतते. बापूंनी हे ऐकलं आणि लगेच निकाल दिला. राग धुडकूचा नाहीच! आग बाईच्या पोटात आहे, ती नवऱ्याच्या हातातून बाहेर पडते. बाई घराबाहेर गेली की बाटली पांढरी, म्हणजे बाईच बाहेर काढा.

"आणि पप्पा काय म्हणाले?"

"पप्पा काही बोलले नाहीत. उखाकाका बोलले. तिकिटं पण काकांनीच काढली." उखा म्हणजे धुडकूचा थोरला भाऊ.

हात मोडला बाईचा, आणि घर सोडायचं तेही बाईनंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाखला मिळणार नाही," मी म्हटलं, "आणि उद्या मी तुमच्याकडे चहाला येतेय, आईला सांग."

शनिवारी गेले. लूमच्या शेडला लागून पाच-सहा खोल्या, त्यातली पहिली यांची. शेडची भिंत एकट्या यांच्याच खोलीला. आत पाऊल टाकलं तर कानात खटाक् खटाक् खटाक्. बोलायचं म्हणजे ओरडायचं. धुडकू पाळीवर गेलेला. सुभद्राबाईनं पाट दिला आणि तिच्या अहिराणीत म्हणाली,

"बठा बाई. आते मना हातना चहा पी ल्या. बुधवारपासून कोन पाजी?"

"बाटली कुठाय?"

तिनं बोट वर केलं. शेडच्याच भिंतीला ठोकलेली फळी, फळीवर डबे, देवाचा फोटो आणि ती बाटली, निळीशार. लूमच्या दणक्यानं ती फळी अशी थरथरत होती की डब्यांवरची झाकणं टणटणत होती. त्या घरात कुणाला ते ऐकूही येत नव्हतं. जन्मभर ऐकल्यावर काय ऐकू येणार?

मी बाटली खाली घेतली, कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीवर नीट ठेवली आणि चहा घेतला. सुभद्राबाई समोरच बसलेली. बोलता बोलता धनश्री किंचाळली.

"आई! पांढरी झाली!"

सुभद्राबाईनं हातातली बशी खाली ठेवली. बाटली पांढरी, पाण्यासारखी लख्ख. आणि ती स्वतः तिच्यापासून दीड हातावर.

"मी तं आठेच शे बाई," ती हळूच म्हणाली. मी तर इथेच आहे! मग उठली, बाटली उचलून पुन्हा फळीवर ठेवली. थोड्या वेळात निळी. खाली गोधडीवर. पांढरी. वर. निळी. तिनं हे चारदा केलं. चौथ्यांदा ती फळीवर हात ठेवून उभी राहिली, भिंतीचा हादरा तिच्या बांगड्यांपर्यंत आला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवारे मी घर नही ऱ्हास," ती म्हणाली, "आणि मंगळवारे लूम बी बंद ऱ्हास."

सांगते, बी.एस्सी. मी आहे, पण ते वाक्य तिनं आधी उच्चारलं. मंगळवारी दोन गोष्टी बंद असायच्या, एक बायको नि एक लूम. सगळ्या पुरुषांना त्यातली बायको तेवढी दिसली. हे लोक दिवसाचे बारा तास त्या लूमच्या खटखटीत काढतात, पण तिचा हिशेब धरायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही!

आणि 'हलवली की निळी' हे डोळ्यांसमोर आलं तशी माझी ट्यूब पेटली. कॉलेजात आमच्या सरांनी अगदी हेच करून दाखवलं होतं. घरी जाऊन जुनी वही काढली. ग्लुकोज पावडर औषधांच्या दुकानात मिळाली. निळं औषध, मेथिलिन ब्लू, रक्त-लघवी तपासणाऱ्या ओळखीच्या लॅबवाल्यानं थेंबभर दिलं. कॉस्टिक सोडा डाइंग मिलच्या वस्तीत कुठेही मिळतो. सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात बापूंची बाटली तयार झाली. आता या स्वयंपाकघरात कुणी काही प्यायचं नाही, असं मी घरच्यांना बजावलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं, चहासुद्धा बाहेर जाऊन प्यायले.

मंगळवार. मांडव भरलेला. बापू रंगात आलेले. मी पदर खोचून पुढे गेले.

"बापू, माझाही राग काढा. फार आहे."

"आवो बेन, आवो!"

"पण बाटली माझी आहे."

बापूंचा चेहरा जरा बदलला. मी बाटली हलवली. निळी. लोक 'ओहो' म्हणाले. मी ती चौरंगावर ठेवली, डोळे मिटले आणि मोठ्यानं मंत्र सुरू केला. "भेंडी, गवार, तोंडली, दुधी. पापडी, सुरण, रताळी, फट्!" बाटली पांढरी झाली. मांडवात आधी एक हसू फुटलं, मग दहा.

"आता सुपडूदादा या," मी म्हटलं. सुपडूदादा आमच्या भागातला सगळ्यात गरीब म्हातारा, बकरीनं धोतर खाल्लं तरी 'खाऊ दे बिचारी' म्हणणारा. त्यानं घाबरत घाबरत बाटली हलवली. निळीशार! "दादा, एवढं विष कुठे लपवून ठेवलं होतं हो?" म्हातारा स्वतःच खो खो हसायला लागला.

"आता धुडकूभाऊ, तुम्ही या. बाटलीला हात लावायचा नाही. तिच्यासमोर उभं राहून पाहिजे तेवढं रागवा."

धुडकूला काय, निमित्तच हवं होतं. तो बाटलीवर असा गरजला की मांडवाबाहेरची कुत्री पळाली. बाटली पांढरीच. तो थांबला, तिच्याकडे पाहत राहिला.

बापू उठले. "ये सब नास्तिक के खेल है! श्रद्धा विना..."

"बापू, बसा. तुमच्याच बाटलीतलं तीर्थ आहे हे. एक घोट घ्या आणि मला खोटी पाडा." मी त्यांची बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. बापू दोन पावलं मागे सरले. आणखी एक पाऊल मागे. तेव्हा गर्दीतून सुकलाल पुढे आला. डाइंग मिलमधला कामगार, दंडावर जुन्या भाजल्याचा मोठा डाग. त्यानं झाकणाला लागलेला थेंब बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. तो दचकला आणि धोतराला बोटं पुसत पाण्याच्या माठाकडे धावला.

"हाई तं आमनं कॉस्टिक शे!" तो ओरडला. "दंडवर हाई निशाणी तेनीच शे! मी दोन महिना हाईले हात जोडी ऱ्हायनू!"

मग मी सगळं समजावून सांगितलं. पाण्यात कॉस्टिक आणि ग्लुकोज, वर निळ्या औषधाचा थेंब. बाटली स्वस्थ ठेवली की ग्लुकोज त्या औषधाचा निळा रंग काढून टाकतं, पाणी पांढरं. बाटली मुद्दाम अर्धीच भरायची, कारण वर हवा हवी. हलवली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि रंग पुन्हा निळा. राग हलवो, लूम हलवो, नाहीतर माझी सातवीतली पोरं हलवोत, बाटलीला सगळे सारखे. आठवड्याभरात ते पाणी नासून पिवळं पडतं, म्हणून दर मंगळवारी नवी बाटली. "आणि हे घरात लहान पोरांच्या हाती लागलं तर घसा भाजेल. आज घरी गेल्यावर बाटल्या जपून आणा, शाळेत जमा करा."

मी हे सांगेपर्यंत बापू त्यांच्या व्हॅनमध्ये बसून शहराबाहेर, कामरेजच्या दिशेनं निघाले होते. नारळ मात्र राहिले. पोरांनी ते फोडले, हशा झाला, कुणीतरी 'वंदनाबाईंचा विजय असो' म्हणालं, आणि मी खूष होऊन चष्मा पुसत होते. अशा वेळी माणसाला फार शहाणं झाल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात सुभद्राबाई पुढे आली. त्या दिवशी ती गाठोडं घेऊन मार्केटला गेलीच नव्हती.

"बाई, बाटली खोटी निघनी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण लूम बंद होते, सगळ्यांना ऐकू गेला. "पन यास्ना हात तं खरा शे ना? तेनं काय?"

हसणं थांबलं. खरंच, मी काय केलं होतं? बाटली पांढरी करून दाखवली होती. तिच्या मनगटाचं काय?

"उद्याची गाडी मी पकडणार आहे," सुभद्राबाई नवऱ्याकडे वळली. आता ती सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत बोलत होती. "तुम्ही मला पाठवताय म्हणून नाही. मी जातेय म्हणून. धनश्रीला घेऊन. हा हात आवरायला शिकलात की पत्र टाका."

धुडकू स्वतःच्या पंजांकडे बघत उभा होता. "मंग मी काय करू?" तो मला म्हणाला. "मी आपला बापूकडे गेलो, अजून काय करू? मला काय हौस आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "पण ज्यांना माहीत आहे अशी माणसं आहेत. डॉक्टर असतात. मनाचे."

"म्हणजे येड्यांचा डाक्टर?" उखा मागून म्हणाला. "माझा भाऊ काय येडा आहे?"

मी त्याला झाडणारच होते, पण धुडकूच बोलला. "दादा, बापूसमोर सगळ्या गावादेखत बाटली हलवली तेव्हा लाज नाही वाटली. आता का वाटून घेऊ?"

सुभद्राबाई बुधवारच्या गाडीनं गेली. मी दाखला दिला नाही, धनश्रीची रजा मांडली. आणि गुरुवारी मी धुडकूला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला गेले. डॉक्टर वशीबेन म्हणून साध्या कॉटनच्या साडीतल्या बाई होत्या. मंत्र नाही, तंत्र नाही, समोर फक्त केसपेपर. त्यांनी विचारलं, किती तास झोपता? रात्रपाळी किती दिवस? दारू पिता? लहानपणी घरात कोण मारायचं? धुडकू एकेका शब्दानं उत्तर देत होता. मग त्यांनी विचारलं, "राग यायच्या आधी अंगात पहिल्यांदा काय होतं?"

धुडकूनं कानाला हात लावला. मग म्हणाला, "कान गरम होतात. मग दाढ आवळते. मग काही दिसत नाही."

"कान गरम झाले की दाढ आवळायच्या आत घराबाहेर पडायचं," डॉक्टर म्हणाल्या. "शांत वाटेपर्यंत चालायचं. रस्त्यात मनातल्या मनात भांडायचं नाही. हे पहिलं काम. बाकी हळूहळू शिकवते. आणि बायकोचा हात तुम्ही मोडलात, रागानं नाही. हे इथे रोज म्हणायचं."

हे त्याला झोंबलं. दुसऱ्या गुरुवारी तो आलाच नाही. तिसऱ्या गुरुवारी स्वतःहून आला, एकटा. झोप नीट यावी म्हणून त्यानं शेठकडे दिवसपाळी मागून घेतली. दारू सुटायला वेळ लागला, दोनदा पुन्हा सुरू झाली. मध्ये एकदा त्यानं लूमच्या चौकटीवर मूठ मारून बोटं सुजवून घेतली आणि ते डॉक्टरांना स्वतःच सांगितलं. चमत्कार काही झाला नाही. चमत्कार झाला असता तर मीच आधी संशय घेतला असता.

चौथ्या महिन्यात उखानं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, येड्यांच्या डाक्टरकडे अजून जातोस?" धुडकूनं कानाला हात लावून पाहिला, ग्लास ठेवला आणि उठून चालायला लागला. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत आला, उरलेला थंड चहा प्यायला आणि म्हणाला, "हो, जातो. दर गुरुवारी." आणि पुढच्या आठवड्यात त्याच उखानं मला शाळेच्या फाटकाशी गाठून, इकडेतिकडे बघत विचारलं, "बाई, गुरुवारी किती वाजता असते ती डाक्टरीण?"

सुभद्राबाई पत्र आल्या आल्या धावत आली नाही. तीन पत्रं येऊ दिली. मग धनश्रीच्या परीक्षेआधी आली. 'बघते' म्हणूनच आली, अर्धं सामान दोंडाईच्यालाच ठेवून. महिन्याभरानं मी तिला विचारलं, "मग, राग गेला का धनश्रीच्या बापाचा?"

"नही गया," ती म्हणाली. "पन पहिले त्यास्ले राग उना का मी घरबाहेर पळू. आते त्या जातस."

आता घराबाहेर तो जात होता! मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच तिचं मनगट हातात घेऊन बसले.

तर मंडळी, एवढंच सांगायचंय. दात दुखला तर आपण दाताच्या डॉक्टरकडे जातो आणि त्याची लाज वाटत नाही. राग आवरत नसेल तर त्यालाही डॉक्टर आहे, सरकारी दवाखान्यात आहे, आणि तिथे बसलेली माणसं वेडी नसतात, तुमच्या-माझ्यासारखी असतात. पाण्याचा रंग बदलून दाखवणाऱ्यापुढे हात जोडू नका. त्याला विचारा, आत काय घातलंय? आणि घरात कुणी मार खात असेल, तर आधी तिला सुरक्षित जागी जाऊ द्या, मग मारणाऱ्याला डॉक्टरकडे न्या. एकट्यानं जायला अवघड वाटत असेल तर मला सांगा. गुरुवारी शाळा सुटली की मी मोकळीच असते, सोबत येईन.